पेटीतला आवाजांचा कप्पा

पेटीतली जागा वाढवायचं काम मी अंगावर घेतलं ते भाच्याच्या एका वाक्यामुळे. तो फोनवर म्हणाला, "राहू दे मावशी, तुला नाही जमायचं."

हे वाक्य त्याने म्हणावं कोणाला? एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेल्या बाईला. त्या काळी फोन आपोआप लागत नसत, ते आम्ही लावून देत असू. गावातले सातशे नंबर मला तोंडपाठ होते. लाकडाच्या वखारीचा दोनशे चौदा, दवाखान्याचा अकरा, आणि एका वकिलाचा तीनशे सात, जो रोज दुपारी चारला फोन उचलून नुसता "किती वाजले?" एवढंच विचारायचा. मी सांगायचे. मिनिटासकट सांगायचे. अशा बाईला "जमायचं नाही" म्हणजे काय?

पण पेटी म्हणजे काय, ते सांगायला हवं. माझी मोठी बहीण एक्याऐंशीची. तिला मी ताई म्हणते आणि सगळी इमारत मोठ्या बाई म्हणते. मी धाकट्या बाई. ताईला आता उजेड कळतो, माणसांचे आकार कळतात, बाकी सगळं धुकं. डोळ्यातला दाब वाढू नये म्हणून दिवसातून पाच वेळा थेंब घालावे लागतात. थेंब चुकले तर आहे तेवढा उजेडही जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय. म्हणून तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, एक पेटी बनवून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावली. असली छोटी यंत्रं बनवण्याचाच त्याचा धंदा आहे. साबणाच्या डबीएवढी, दोन बटणांची पेटी, पण वेळ झाली की बोलते: "अकरा वाजले. निळी बाटली. दोन्ही डोळे." आवाज माझा आहे. भाच्याने खरं तर एका निवेदिकेला विचारलं होतं, पण ताई म्हणाली, "कशाला? हिचा आवाज बंद दारातून ऐकू येतो."

सगळं सुरळीत होतं. मग डॉक्टरांनी दोन नव्या बाटल्या दिल्या. मी नवी वाक्यं भरायला बसले तर पेटी म्हणाली, "जागा शिल्लक नाही." हेही माझ्याच आवाजात. स्वतःलाच जागा नाकारल्यासारखं झालं.

भाच्याला कळवलं तर तो म्हणाला, "मग मी पंधरा तारखेला येतो आणि आईला इकडेच घेऊन येतो. परतीची दोन तिकिटं काढलीत. नवे थेंब पेटीत बसत नसतील तर तुम्ही दोघींनी तिथे राहणं धोक्याचं आहे."

या घरात पलंगापासून मोरीपर्यंत सतरा पावलं आहेत, हे ताईच्या पायांना माहीत आहे. भाच्याचं घर अकराव्या मजल्यावर, सगळ्या भिंती काचेच्या. तिथे ती दिवसभर एका खुर्चीत बसून राहील. आणि मी इथे दुसऱ्या खुर्चीत. बावीस वर्षं आम्ही एका घरात भांडतोय. एकटीने भांडायचं कसं?

"जागा वाढवता येत नाही का?" मी विचारलं.

"येते. पण पेटीला मी मुद्दाम इंटरनेट दिलेलं नाही, त्यामुळे मला इथून काही करता येत नाही. केबलने पेटी लॅपटॉपला जोडून फाईल बदलावी लागते." आणि मग ते वाक्य. राहू दे मावशी.

"केबल पाठव," मी म्हटलं.

त्याने समजावलं ते असं. पेटीच्या पोटात नखाएवढी चिप असते आणि तिचे कप्पे पाडलेले असतात. पहिल्यात पेटीला जागं करणारा मजकूर, दुसऱ्यात तिचं डोकं, तिसऱ्यात आवाज, चौथ्यात वेळापत्रक, आणि त्यापुढे थोडी मोकळी जागा. पण चिपला स्वतःला हे काही माहीत नसतं. ती बिचारी सलग आडवी पडलेली असते. कुठला कप्पा कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे, हे एका फाईलमध्ये लिहून ठेवायचं असतं. प्रत्येक कप्प्याचं नाव, सुरुवात आणि लांबी. फाईलमध्ये लिहिलं असेल तेच पेटी खरं मानते.

"आकडे जरा विचित्र आहेत," तो म्हणाला. "नऊच्या पुढे दहा येत नाही, ए येतो. मग बी, सी, करत एफपर्यंत. तू बदल, पण चढवण्याआधी मला पाठव. मी बघतो, मगच चढव."

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, बघू.

केबल आठवड्याने आली. म्हणजे पार्सल कचेरीत आली, घरी नाही. पत्ता बरोबर होता, पण नावाच्या जागी भाच्याने घाईघाईत लिहिलं होतं: "धाकटी मावशी". खिडकीमागच्या कारकुनाने माझं ओळखपत्र बघितलं, पार्सल बघितलं, पुन्हा ओळखपत्र बघितलं.

"यावर मावशी लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

"ओळखपत्रावर मावशी कोण लिहील?"

"तेच म्हणतो मी. तुम्ही धाकटी मावशी आहात याला पुरावा काय?"

"माझं वय बघा. या वयात बाई कोणाची तरी मावशी असतेच."

"कोणाची तरी असून चालत नाही, बाई. पाठवणाऱ्याची असावी लागते. आणि धाकटी. म्हणजे मोठी पण असणार. उद्या ती आली तर मी काय उत्तर देऊ?"

रांगेतल्या लोकांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. एक म्हणाला, भाच्याकडून पत्र आणा. एक म्हणाला, पार्सल परत जाऊ द्या आणि नीट नावाने मागवा, तीन आठवड्यांत येईल. पंधरा तारखेला दहा दिवस होते. शेवटी मी घरी जाऊन ताईलाच रिक्षात घालून घेऊन आले. ती काठी टेकत खिडकीशी गेली आणि कारकुनाच्या धूसर आकाराकडे बघून म्हणाली, "ही माझी धाकटी बहीण. पाठवणारा माझा मुलगा. मग ही त्याची कोण लागते?"

"पण तुम्ही त्याच्या आई आहात याचा पुरावा..."

"तो जन्मला तेव्हा साडेनऊ पौंडांचा होता," ताई म्हणाली, "आणि तुम्हाला पुरावा हवाय?"

रांगेतल्या दोन बायकांनी "बरोबर आहे" म्हटलं. कारकुनाने पार्सल सरकवलं आणि वहीत नोंद केली: "आईच्या समक्ष मावशीस दिले."

बातमी इमारतीत आमच्याआधी पोचली. दुसऱ्या मजल्यावरचे मोजणीसाहेब लगेच वर आले. सगळा जन्म जमिनीच्या मोजणीत काढलेला माणूस. निवृत्त झाले तरी बोलताना हवेत हद्दी आखतात. भाच्याने पाठवलेली फाईल त्यांनी माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर बघितली आणि हर्षच झाला त्यांना.

"अहो धाकट्या बाई, हा तर सरळ उतारा आहे! हे शेताचं नाव, हा सुरुवातीचा दगड, ही लांबी. आता लक्षात ठेवा, एकाची हद्द हलवली की शेजाऱ्याचाही दगड हलवावा लागतो. दोन्ही उतारे बदलायचे. बायका नेमकं हेच विसरतात."

शेवटचं वाक्य त्यांनी म्हटलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पहिली चार वाक्यं त्या पाचव्याखाली सापडून चिरडली गेली. मी त्यांना चहा दिला आणि उरलेला वेळ त्यांचं ऐकलंच नाही.

तळमजल्याच्या शिवणवालीनेही जिन्यात अडवलं. "धाकट्या बाई, सैल करायचं असेल तर शिवणीत किती दाबलंय ते आधी बघा. मागे कापड नसेल तर उसवून काय उपयोग?" सगळेच जण एकच गोष्ट सांगत होते हे मला आज कळतंय. त्या वेळी वाटलं, ज्याला त्याला आपापला धंदा दिसतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला चष्म्याची काच पुसून देऊन मी बसले. (तिला चष्म्याचा आता उपयोग नाही, पण तो नसला तर तिला ऐकू कमी येतं म्हणते.) फाईल उघडली. आवाजांचा कप्पा सापडला. सुरुवात: शून्य, एक्स (ही त्या विचित्र आकड्यांची खूण), दोन आणि पाच शून्यं. लांबी: शून्य, एक्स, एक आणि पाच शून्यं. मी लांबीतल्या एकच्या शेजारच्या शून्याचं आठ केलं. झालं. सोळाच्या हिशेबात आठ म्हणजे अर्धा, म्हणजे कप्पा दीडपट. एवढ्यासाठी हा मुलगा मला जमायचं नाही म्हणत होता!

त्यापुढची वेळापत्रकाची ओळ मी वाचली होती, हे कबूल करते. तिची सुरुवात तीन आणि पाच शून्यं अशी होती. तिला मी हात लावला नाही. का लावला नाही, हे सांगितल्याशिवाय माझ्या चुकीचा अर्थ कळणार नाही. आमच्या घरात जन्मापासून कोणी काही मोजून दिलेलं नाही. लहानपणी एका बाकावर आम्ही सहा भावंडं बसायचो. सातवं कोणी आलं की आई म्हणायची, "सरका," आणि सगळे सरकायचे. कोणी किती सरकायचं हे कोणाला सांगावं लागत नसे. आजही कपाटात ताईचे कपडे माझ्या फळीवर येतात, माझे गुपचूप तिच्या फळीवर जातात. एकाला जागा लागली की शेजारचा आपणहून सरकतो, ही माझी सत्तर वर्षांची समजूत. वेळापत्रकाला एवढंही कळू नये, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

भाच्याला फाईल पाठवायची होती. मी पाठवली नाही. एक्स्चेंजमध्ये बढती मिळाल्यावर माझी जोडणी कोणी तपासत नसे. केबल लावली, बटण दाबलं, फाईल चढली. पेटी म्हणाली, "मी तयार आहे." मी दोन्ही नव्या बाटल्यांची वाक्यं भरली. जागा होती! पेटी चोख चालली. भाच्याला "जमलं" एवढंच कळवलं आणि अख्खा दिवस घरात मिरवत होते.

तिथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण जागा आहे म्हटल्यावर ताईला सुचायला लागलं. "त्यात वार भर गं. मला मंगळवार आणि बुधवार सारखेच वाटतात." भरले. "कंगवा खिडकीत असतो, ते भर." भरलं. "दूध उतू जातंय, हे भर."

"ते पेटीला कसं कळणार?"

"नाही कळलं तर नाही. मला ऐकायला बरं वाटेल."

तेही भरलं. शिवणवालीने तिच्या दुकानाची वेळ भरायला लावली. मोजणीसाहेबांनी स्वतःच्या आवाजात "सुप्रभात, मोठ्या बाई" भरलं, तेही तीनदा, कारण पहिल्या दोनदा त्यांना खोकला आला. सगळे जण आवाजाच्या कप्प्यात येऊन बसले, आणि जुन्या हद्दीपलीकडची जी थोडी कोरी जागा नव्या बाटल्यांना पुरली होती तीही भरली, आणि मग कप्पा आणखी पुढे भरला.

बुधवारी सकाळी अकरा वाजता, निळ्या बाटलीच्या वेळेला, पेटी म्हणाली, "दूध उतू जातंय."

मी धावले. शेगडीवर काहीच नव्हतं. परत येते तर पेटी म्हणाली, "सुप्रभात, मोठ्या बाई," आणि खोकली. मग "आज मंगळवार." मग "शनिवार." मग "निळी बाटली, पांढरी बाटली, कंगवा खिडकीत." ताई हातात बाटली घेऊन उभी, घालू की नको? "किती वार झाले गं एवढ्यात?" तिने विचारलं. शेवटी पेटी "जागा" एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. बटण दाबलं तर गप्प. केबल काढून लावली तर गप्प. माझाच आवाज बसावा तसं.

भाच्याला सांगणं शक्य नव्हतं. पंधरा तारीख गुरुवारी होती. पेटी बंद म्हणजे ताईचं तिकीट पक्कं.

म्हणून मीच पेटी झाले.

यात विनोद वाटेल, पण दिवसातून पाच वेळा, दोन डोळे, तीन बाटल्या, आणि दोन बाटल्यांच्या मधे दहा मिनिटं, हे सांभाळून बघा. मला घड्याळाशिवाय दुसरं काही दिसेना. बाजारात गेले तर भाजी अर्ध्यावर टाकून परत. आंघोळीला गेले तर डोक्याला साबण लावलेला असतानाच पळत बाहेर. दुपारी पाठ टेकली की दर पाच मिनिटांनी दचकून उठत होते. ताई म्हणाली, "एका जागी बस गं. तुझ्या पावलांनी मला चक्कर येते." पण थेंब एकही चुकला नाही. मी भिंतीजवळ, बरोबर पेटीखाली उभी राहून सांगायचे, म्हणजे ताईला आवाजाची दिशा तीच मिळावी.

रविवारी अकराला भाच्याचा फोन येतो. या रविवारी तो म्हणाला, "आई, फोन पेटीजवळ धर. नवी वाक्यं ऐकू देत."

ताईने माझ्या आकाराकडे बघितलं. मी भिंतीशी गेले आणि सपाट स्वरात म्हटलं, "अकरा वाजले. निळी बाटली. दोन्ही डोळे."

"छान! आता छोटं बटण दाब, पुढचं वाक्य ऐकू दे."

ताईने बटण दाबलं. मी म्हटलं, "दहा मिनिटांनी पांढरी बाटली. फक्त उजवा डोळा."

"आणखी." मी वार सांगितला. कंगवा सांगितला. घाम फुटला होता, पण एक शब्द चुकला नाही. भाचा खूश झाला. "मावशीने कमाल केली. बरं आई, मोठं बटण दाब, वेळ विचार."

ताईने दाबलं. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "अकरा वाजून सात मिनिटं."

"मावशी," भाचा म्हणाला.

मी पेटी असल्यामुळे बोलले नाही.

"मावशी, पेटीला मिनिटं येत नाहीत. मी तिला फक्त तास शिकवलेत."

त्या वकिलाने माझा घात केला. मी फोन हातात घेतला आणि सगळं सांगितलं. बुधवारपासूनचं सगळं.

"म्हणजे पाच दिवस पेटी बंद आहे?" त्याचा आवाज चढला. "आणि तुम्ही मला... आई, हे नाही चालायचं. मी गुरुवारी तुला नेतोच."

"पाच दिवसांत एक थेंब चुकलेला नाही," ताई म्हणाली.

"आणि उद्या मावशीला ताप आला तर? ती पडली तर?"

पाच दिवसांत माझी पाठ कामातून गेली होती, आणि शुक्रवारी जिन्यात माझा पाय घसरला होता, हे मी ताईलाही सांगितलं नव्हतं. मुलगा बरोबर बोलत होता.

मग मी ते म्हटलं, जे मला पंधरा दिवसांपूर्वी म्हणता आलं असतं. "मला जमलं नाही रे. तू सांग, मी ओळी वाचते. कुठे चुकलं ते दाखव."

तो म्हणाला, "वाच."

मी वाचल्या. एक्स्चेंजच्या सवयीने, एकेक आकडा सुटा, मधे श्वास घेऊन. तो म्हणाला, "आता आवाजांची सुरुवात आणि लांबी मिळव. कप्पा कुठे संपतो?"

मी कागदावर मिळवलं. तीन, आठ आणि चार शून्यं.

"आणि वेळापत्रक कुठे सुरू होतं?"

"तीन आणि पाच..." मी थांबले. दारात मोजणीसाहेब उभे होते. आवाज चढलेला ऐकून आले होते. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मिटलं.

"मी आवाजांना वेळापत्रकाच्या अंगावर बसवलं," मी म्हटलं.

"हो. आणि ते सरकलं नाही, कारण त्याला कोणी सांगितलंच नाही. आता तू सांग."

मी वेळापत्रकाच्या ओळीत तीनशेजारच्या शून्याचं आठ केलं. नवी सुरुवात तिथे, जिथे आवाज संपतात. पुढे मोकळी जागा होतीच. या खेपेला फाईल भाच्याला पाठवली. त्याने ओळन् ओळ बघितली, मोजणीसाहेबांनी परवानगी मागून बघितली, मगच चढवली. वेळापत्रक नव्याने भरलं. पेटी म्हणाली, "मी तयार आहे." मोजणीसाहेबांनी टाळी वाजवली.

"चालली?" भाच्याने विचारलं.

"चालली. आता काय करणारेस?"

ताईनेच माझ्या हातातून फोन घेतला. "गुरुवारी ये. आठ दिवस राहा, पेटी नीट बघ, मावशीची पाठ डॉक्टरांना दाखव. तिने सांगितलं नाही, पण ती शुक्रवारी जिन्यात घसरली. पाऊल कसं पडतं ते ऐकू येतं मला. आणि परतीची दोन तिकिटं काढलीस ना? त्यातलं एकच ठेव."

पलीकडून आलं, "बरं."

मी खुर्चीत बसले ते एक वाजेपर्यंत उठलेच नाही. एकाला पेटी बोलली: "एक वाजला. पिवळी बाटली. दोन्ही डोळे." स्वच्छ, मोठ्याने, अगदी वेळेवर. ताई बाटली हातात घेऊन तशीच बसून राहिली.

"ताई, एक वाजला."

"ऐकलं. पण तू म्हण."

मी उठून म्हटलं. तेच शब्द, तोच आवाज.

"पेटी जास्त चांगलं म्हणते," ताई म्हणाली, आणि तिने मान मागे टाकली.